उकंडमामांची देठपरीक्षा

सडकं संत्रं पोह्यांवर पिळून खाणारा अख्ख्या वर्धा जिल्ह्यात मी एकटाच असेन. आणि तेही चोरून-लपून नव्हे. सासुरवाडीत, चांगलं पाटावर बसून.

लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. इंदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला मला जावई म्हणून बोलावणं आलं होतं. वर्ध्याहून पुलगाव, पुलगावहून आर्वीची ती छोटी गाडी आणि आर्वीहून पुढे चिखल तुडवत बैलांची दमणी, असा प्रवास करून मी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पोह्यांची ताटली पुढे केली आणि त्या गोठ्याकडे गेल्या. पोह्यांवर लिंबू नव्हतं. आता नव्या जावयाची अडचण अशी की, मागितलं तर हावरट आणि न मागितलं तर गावंढळ. मी कारकून माणूस. मधला मार्ग काढला. चुलीशेजारच्या देवळीत मातीचं परळ होतं, त्यावर ओलं फडकं. फडक्याखाली इवलाली हिरवी लिंबं. ओल्या फडक्यात लिंबं ठेवायची रीत आमच्याही घरी होती. मी त्यातलं बरंच पिकलेलं दिसणारं एक उचललं. त्याला सुरीसुद्धा लागली नाही; अंगठा लावताच ते फुटलं. जे गळलं त्याचा रंग चहाचा होता आणि वास पावसाळ्यात कोपऱ्यात विसरलेल्या छत्रीचा.

पानात काही टाकू नकोस, असं आईने निघताना बजावलं होतं. मी खाल्लं.

शेवटचा घास गिळत होतो, तोच दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्याला जाड काचेचं भिंग. त्याने परळ पाहिलं, माझी ताटली पाहिली, मग भिंग डोळ्याला लावून माझं तोंड पाहिलं.

“बाई,” तो गोठ्याच्या दिशेने ओरडला, “दोन दिवसांपासून बुरशी पोसून राह्यलो मी. तुह्या जवायानं चटणी समजून खाल्ली!”

माजघरातून कोणीतरी खळखळून हसलं. ते हसणं इंदूचं आहे हे ओळखून मला फार राग आला.

हे उकंडमामा. इंदूचे सख्खे मामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ. ‘उकंडराव’ हे नाव वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आधीची मुलं दगावली की नंतरच्या बाळाला जन्मताच उकिरड्यावर नेऊन ठेवायचं आणि कोणीतरी ते ‘सापडलं’ म्हणून उचलून आणायचं, म्हणजे यमाला वाटतं की हा तर केरच आहे, कशाला न्या. सासूबाईंनी लहानपणी आपल्या या भावाला स्वतःच्या हातांनी उकिरड्यावरून उचलून आणलं होतं. त्यामुळे सगळा गाव ज्यांना चळाचळा कापायचा, त्या उकंडरावांना ‘उकंड्या’ म्हणायचा अधिकार जगात फक्त एका बाईला होता, आणि ती तो दिवसातून बऱ्याचदा वापरायची.

सरकारी शेतीखात्यात मामा गावोगावचे बगीचे तपासणारे कामदार होते. होते, म्हणजे साहेबाशी भांडेपर्यंत होते. भांडणाची हकिकत घरात तीन प्रकारे सांगत. तिन्हींत शेवट एकच होता: मामांनी साहेबाच्या टेबलावर एक संत्रं ठेवलं आणि म्हणाले, “साहेब, तुमाले झाड दिसते, फळ दिसते, देठ दिसत नाई.” त्यानंतर मामांची नोकरीही दिसली नाही. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. मग ते बहिणीच्या ओसरीवरच्या खोलीत येऊन राहिले. त्या खोलीत कोणाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. पितळेची पिचकारी, बाटल्या, कागदात बांधलेल्या काड्या आणि साल, असा सगळा संसार त्यांनी तिथे मांडला होता.

देठ हे मामांचं वेड होतं. वांगं घ्यायचं तर देठ पाहून, मिरची घ्यायची तर देठ पाहून. बाजारात त्यांच्यामागे उभं राहायची मला लाज वाटे, माळणीच्या टोपलीतली सगळी वांगी ते पालथी घालत आणि शेवटी एकही न घेता म्हणत, “अशी वांगी माहेरी पाठवजो, सासरी नको.” छत्री घेताना दांडा पाहत. माणसाचं काय पाहत हे मला कळलं ते मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा. मंडळी मला माझं शिक्षण, पगार विचारत होती. मामा जवळ आले, त्यांनी भिंगातून माझी नखं पाहिली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, “पोट्टा वरून पिवळा आहे, पण देठ हिरवा आहे. लवकर गळत नाई. देऊन टाका.”

लग्न जमलं. ‘वरून पिवळा’ हे मात्र सासुरवाडीत मला जन्माचं चिकटलं.

गंमत अशी की संत्र्याबद्दल तावातावाने बोलणाऱ्या या माणसाने स्वतः एकही झाड लावलेलं नव्हतं. खोलीपुढे एक तुळस होती, तीही बहिणीने लावलेली, पाणी घालायची तीही बहीणच. बगीच्यात काम चाललेलं असलं की मामा झाडाखाली खाट टाकून बसत आणि तिथून माणसांना नालायक ठरवत. संत्रं खायचे म्हणाल तर तेही नाही. मी एकदा सोलून फोड पुढे केली तर म्हणाले, “हे पाहाचं फळ आहे. खातात ते माकडं.” आणि मी खात असलेल्या फोडीकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं.

तर त्या वर्षी सासऱ्यांच्या बगीच्याने पहिला बहार धरला होता. मृगाचा बहार. पाच-सहा वर्षं कळशीने पाणी घालून वाढवलेली झाडं, पहिल्यांदाच लिंबाएवढ्या फळांनी लगडलेली. इंदूही पहिलटकरीण, झाडंही पहिलटकरणी. सासूबाईंनी या दोन्ही गोष्टी मनात एकत्र बांधून टाकल्या होत्या. इंदूचं सातव्यात डोहाळजेवण झालं तेव्हा त्यांनी बांधावरच्या पहिल्या झाडालाही हिरवा खण बांधला आणि गड्यांना ताकीद दिली: फळ धरलेल्या झाडाला लोखंड लावायचं नाही. कोयता नाही, विळा नाही, खुरपंसुद्धा आळ्याच्या बाहेर. पोटुशीला जे चालत नाही ते झाडालाही चालत नाही. त्या भागात ही रीत तशी जुनीच, पण सासूबाईंनी ती फारच मनावर घेतली होती.

आणि भाद्रपदात झड लागली. पाऊस उघडेचना. झाडांखाली फळं पडायला लागली. सकाळी उठून पाहावं तो चिखलात हिरवे गोळे सांडलेले. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणत, “झाडायची फळं गळून राह्यली…” आणि पुढचं वाक्य तोंडात पदर धरून गिळून टाकत. ते न बोललेलं वाक्य घरातल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. सर्वांत जास्त इंदूला. तिने बगीच्याकडे जायचं सोडलं. मग जेवायचं कमी केलं. मी पोचलो त्या संध्याकाळी मला पाहून ती हसली नाही, तेव्हा मी समजलो की माझ्यावर रुसली असेल. आम्हां नवऱ्यांची अक्कल तेवढीच.

सासरे बोलत कमी. त्यांनी एकदाच सांगून टाकलं, “दसऱ्यापर्यंत थांबलं नाई, तं मी कुऱ्हाड लावतो. झाडं काढून कपाशी पेरतो. ह्या बाईचं तोंड मले पाहवत नाई.”

मग गावातली शहाणी माणसं जमली. अशा वेळी ती जमतातच. फळं गळायचीच वाट पाहत असतात जणू. बगीचा घराच्या मागल्या दाराला लागूनच होता; तिथल्याच झाडाखाली भरलेल्या त्या सभेला मी हजर होतो, आणि आमच्या देशात अज्ञानाची टंचाई कधी पडणार नाही, अशी माझी तेव्हा खात्री झाली. वैद्यबुवा म्हणाले, जमिनीत उष्णता वाढली. झाडाला ताक पाजा. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, विहिरीचं पाणी जड आहे. एक संत्र्याचा व्यापारी, ज्याला बगीचा स्वस्तात हवा होता, म्हणाला की मूळच गेलं, आता काही राहिलं नाही. एका म्हातारीने नजर लागल्याचं सांगितलं आणि सासूबाईंनी मान हलवली. मीही वर्ध्याहून आलेला शिकलेला जावई, काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, “हवामान.” सगळ्यांनी आदराने माझ्याकडे पाहिलं.

खाटेवरून मामा उठले.

“हवामान!” ते म्हणाले. “जवाईबापू, बुरशी खाऊन तुमच्या डोक्यात गेली काय?” मग गड्याला म्हणाले, “पडलेली फळं आण. समदी नको. एक टोपलं.”

टोपलं त्यांनी खाटेवर पालथं केलं आणि फळं वेगळी करायला बसले. हेडमास्तर उभे, वैद्य उभे, आम्ही सगळे उभे, आणि मामा दाण्यातले खडे निवडावेत तसे निवडताहेत. तीन ढीग झाले. पहिल्यातलं एक फळ त्यांनी वैद्यबुवांच्या नाकाखाली धरलं.

“हे पाह्य. सुईएवढं भोक. भोकाभोवती ओलं. हा पतंग आहे, रात्री येते आन् रस चोखते. ताक पाजून पतंग मरत असंन तं पाजा.” दुसरं फळ हेडमास्तरांच्या हातात दिलं. “हे सारखं पिवळं. देठाची जागा साफ, कोरडी. हे झाडानंच टाकलं. पहिलटकरीण आहे, सगळी पोरं पोसत नाई तिच्यानं. त्याचं रडू नाई.”

तिसरा ढीग सर्वांत मोठा होता. त्यातलं फळ मामांनी कोणालाच दिलं नाही. तळहातावर ठेवलं आणि आवाज एकदम खाली आणला.

“हे खरं. देठाभोवती तपकिरी कडं. बाकी फळ हिरवं, गोंडस. वरून पाहाल तं काईच नाई.” त्यांनी अंगठ्याच्या नखाने ते देठापासून उभं फाडलं. मधला गाभा देठापासून खालपर्यंत काळपट पडला होता. “पतंगाची सड भोकापासून निंगते. ही देठातून आत उतरली. देठकूज आहे. बुरशी. आन् ती आली कोठून, सांगू?”

त्यांनी वर बोट केलं. झाडाच्या पोटात, हिरव्या पानांच्या आड, वाळलेल्या काड्या होत्या. बगीचेवाले त्याला सल म्हणतात. दरवर्षी भाद्रपदातली झड लागण्याआधी सल काढून टाकायचा असतो. या वर्षी लोखंड लावायचं नव्हतं, म्हणून सल तसाच राहिला होता.

“बुरशी त्या सलात राह्यते. पाणी पडलं का थेंबाथेंबानं खालच्या देठावर उतरते. नजर नाई, उष्णता नाई, हवामान नाई.” शेवटचा शब्द माझ्यासाठी होता. “नजर म्हणता ना? मग चुलीजवळच्या परळात काय आहे, पाह्यलं कोणी? त्यात झाडावरून तोडलेलं चांगलं फळ आहे आन् शेजारी हे देठाकडून तपकिरी झालेलं. वर ओलं फडकं. तपकिऱ्यावर बुरशी फुलली, चांगलं तसंच्या तसं. नजर काय फडक्यातून आत जाते? आन् जाते तं शेजारचं कशी सोडते?”

परळातलं सर्वांत चांगलं फुललेलं फळ माझ्या पोटात होतं, हे सभेत कोणी काढलं नाही. मामांनी दुसरं ठेवलं होतं.

इथपर्यंत मामा जिंकले होते. इथेच थांबायला हवं होतं. पण जिंकल्यावर थांबणं हे उकंडमामांच्या स्वभावात नव्हतं. ते बहिणीकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “आन् हे तुह्यानं झालं, बाई. तुह्या रीतीनं. कोयता काढ, सल कापू दे. अडाणीपणा बस कर.”

सासूबाई उठल्या. “अडाणी? लेका उकंड्या, आधीची तीन गेली तवा तुले उकिरड्यावरून म्या उचललं. त्या रीतीनं तू जगला. आज माह्या पोरीची वेळ आहे, तं तू मले रीत सोड म्हणतं?”

मामांकडे उत्तर होतं. त्यांच्याकडे सगळ्याला उत्तर असे. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष घराच्या मागल्या दाराकडे गेलं. तिथे इंदू उभी होती, चौकटीला धरून. मामांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं.

दोन दिवस बहीण-भाऊ बोलले नाहीत. निरोप माझ्यामार्फत. म्हणजे मामा ओसरीवरून म्हणत, “जवाईबापू, त्या बाईले सांगा, मूर्ख आहे,” आणि सासूबाई चुलीजवळून म्हणत, “जवाईबापू, त्याले सांगा, चहा थंडा होते.” मी दोन्ही निरोप कारकुनी इमानाने पोचवीत होतो. फळं पडतच होती.

तिसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला. मामांनी पिचकारी बाहेर काढली. कापणं नाही तर नाही, निदान औषध तरी मारू. मोरचूद एकीकडे भिजवला, चुना दुसरीकडे विरवला. गडी धावत जाऊन विहिरीवरची बालटी घेऊन आला.

“लोखंडाची?” मामा कडाडले. “फेक तिकडे! मोरचुदाले लोखंड चालत नाई. सारी ताकद जाते. मातीचं आण, नाई तं तांब्याचं.”

सासूबाई दारात निवडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून त्या आल्या.

“काय म्हणाला?”

“लोखंड चालत नाई म्हणलं.”

“तुह्या औषधाले?”

“हाव.”

“म्हणजे तुह्या निळ्या पाण्याले लोखंडाचा स्पर्श सहन होत नाई,” सासूबाई हळूहळू म्हणाल्या, “आन् माह्या पहिलटकरणीले व्हावा?”

मामांनी भिंग चाचपलं. त्यातून पाहण्यासारखं काही समोर नव्हतं. मग ते उठले, पहिल्या झाडाशी गेले, पानांत हात घातला आणि एक वाळकी काडी कटकन मोडली.

“सल वाळलेला असते,” ते पाठमोरेच म्हणाले. “हातानं मोडते. हे मले अगोदर काऊन नाई सांगितलं कोणी?”

जसं काही आमचंच चुकलं होतं.

त्या दिवशी सगळं घर बगीच्यात होतं. सासरे, गडी, सासूबाई पदर खोचून, आणि मी. वरच्या काड्यांना बांबूचा आकडा लावला. मोडलेला सल बांधाबाहेर नेऊन जाळला आणि पडलेली सडकी फळं पुरली. खाटेवर बसून हुकूम सोडणारा माणूस संध्याकाळपर्यंत काट्यांनी ओरबाडून घेत होता आणि तोंडाने सगळ्यांना शिव्या देत होता. मला सर्वांत जास्त, कारण मी हिरव्या फांद्याच जास्त मोडल्या. मग सासूबाईंनी आपल्या माहेरचं तांब्याचं घंगाळ आणून दिलं आणि त्यात ते निळं औषध तयार झालं. औषध बरोबर जमलं का, हे पाहायला त्यात विळा बुडवतात. विळ्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी. मामांनी ती परीक्षा गोठ्यामागे जाऊन, बहिणीच्या नकळत केली. तेवढी अक्कल त्यांना आली होती.

फळगळ थांबली. सगळी नाही, पण थांबली. कुऱ्हाड खुंटीला राहिली. मी मामांना म्हणालो, “तुमच्या औषधाने गुण आला.” तर म्हणाले, “औषधानं थांबलं, का सल काढल्यानं, का पाऊस उघडला म्हणून, हे छातीवर हात ठेवून जो सांगन तो खोटारडा.” आणि त्याच दिवशी हेडमास्तरांना सांगत होते की औषधानेच थांबलं.

दिवाळीनंतर इंदूला मुलगी झाली. पाचवीच्या दिवशी मी पोचलो तेव्हा मामा बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभे होते. पुरुषांनी आत जायचं नव्हतं. “आणा इकडे,” ते म्हणाले. सासूबाईंनी पोर दाराशी आणली. मामांनी भिंग पुसलं, वाकले, आणि पोरीच्या बेंबीची वाळत आलेली नाळ चांगली निरखून पाहिली.

“देठ कोरडा आहे,” ते म्हणाले. “कडं नाई. पोट्टी टिकते.”

एवढं बोलून ते आपल्या खोलीत निघून गेले आणि दिवसभर बाहेर आले नाहीत.

मामांना शेवटचं पाहिलं ते पुलगावच्या फलाटावर. पोरगी तेव्हा चालायला-बोलायला लागली होती. आम्ही वर्ध्याला परतत होतो आणि मामा पोचवायला आले होते, म्हणजे आम्ही गाडी चुकवू याची खात्री असल्यामुळे आले होते. फलाटावर एक संत्रेवाला होता. गाडी हलली तेव्हा मामांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संत्रेवाल्याची टोपली पालथी, मामा फलाटावर उकिडवे बसलेले, भिंग डोळ्याला, आणि तो संत्रेवाला दोन्ही हात जोडून काहीतरी विनवतो आहे. मग गाडी वळली. त्याच उन्हाळ्यात मामा गेले.

त्या दिवशी गाडीत इंदू खिडकीबाहेर पाहत होती. मी म्हणालो, “विलक्षण माणूस. जन्मभर देठ पाहिला, माणसाचं मन कधी पाहिलं नाही.” वाक्य मला बरं जमलंसं वाटलं.

“तुमाले एक विचारू?” इंदू म्हणाली. “मामा आपल्या खोलीत कोणाले जाऊ देत नाई. सारं त्यात ठेवे. मग ते परळ स्वैपाकघरात काऊन ठेवलं होतं?”

मी टोपीवरची गाडीच्या कोळशाची पूड झटकली.

“फळं गळत होती तवा मी दिवसभर तिथंच बसून राहे. मामा रोज सकाळी येऊन ते फडकं उचले आन् मले म्हणे, पाह्य पोरी, बुरशी आहे, दुसरं काई नाई. बाकी एक शब्द नाई बोलला.” तिने झोपलेल्या पोरीचं डोकं मांडीवर सारखं केलं. “आन् तुमी ते पोह्यांवर पिळून खाल्लं!”